प्रार्थनेला वही हवी

महोदय,

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे ४० उरतात. या दिवसांत मराठी ख्रिस्ती घरांमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनासभांची रांग लागते. आज एकाकडे, परवा दुसऱ्याकडे, शुक्रवारी उपास-प्रार्थना. बाहेरच्या वाचकाला आमची प्रार्थना दोनच चित्रांतून ठाऊक असते: नाताळच्या पुरवणीतली मेणबत्ती आणि मंडपातल्या चंगाई सभेचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेचा, व्हिडिओ. या दोहोंच्या मधली, रोजची, बैठकीच्या खोलीतली आणि दवाखान्याच्या खाटेजवळची प्रार्थना कुठे दिसत नाही. ती कशी चालते आणि कुठे बिघडते, यावर हे पत्र. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, मासिकातही लिहिता आले असते. पण तिथले लिखाण ज्यांनी वाचायचे ते सोडून बाकी सगळे वाचतात.

घरच्या सभेचा ठराविक क्रम असा: दोन गीते, एक वचनपाठ (बायबलमधला उतारा), पाळकांचा (पास्टरांचा) किंवा एखाद्या वडीलजनांचा छोटा संदेश, मग विनंत्या, मध्यस्थीची म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली प्रार्थना, येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’, आशीर्वचन आणि चहा. पेटी-ढोलकी असली तर गीतांची चार होतात आणि त्याला कोणाची तक्रार नसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आमच्या भक्तीला अभंग-भजनाचा जो सूर लावून दिला, तो अजून घराघरांत टिकून आहे. बिघाड होतो तो मध्यस्थीत. बारा माणसे बसली आहेत, प्रत्येक जण चार मिनिटे प्रार्थना करतो, म्हणजे ४८ मिनिटे झाली. साडेसातला सुरू झालेली सभा साडेनऊला संपते. लहान मुले भिंतीला टेकून झोपलेली असतात. आणि जिच्या आजारी सासूसाठी ही सभा ठेवली, ती सून सगळा वेळ स्वयंपाकघरात असते: गॅसवर तीस कपांचे आधण, शेजारी पोह्यांचा टोप, आणि फोडणीचा आवाज आत ऐकू जाऊ नये म्हणून लोटून घेतलेले दार. तिच्या घरासाठीची प्रार्थना तिलाच ऐकू जात नाही. यावर उपाय साधा आहे. सभेनंतर फक्त चहा, तोही शेजारच्या घरातून करून आणायचा, आणि मध्यस्थी चार जणांनी करायची, दोन-दोन मिनिटे. बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणावे. आमेन म्हणणे म्हणजेही प्रार्थनेत भाग घेणेच आहे, हे आपण विसरलो आहोत.

दोन मिनिटांत काय होणार, असे विचारणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून प्रभूची प्रार्थना म्हणून पाहावी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून ‘वाइटापासून सोडव’पर्यंत पन्नासच्या आसपास शब्द आहेत, सावकाश म्हटली तरी अर्धे मिनिट. पाण्यात बुडू लागलेल्या पेत्राने, येशूच्या शिष्याने, तर तीनच शब्द उच्चारले: ‘प्रभूजी, मला वाचवा’. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबडीबद्दल जी ताकीद आहे, ती प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या लगेच आधी आहे. हे दोन्ही एका दमात वाचायचे असते. आपण मधेच थांबतो.

प्रार्थना लांबते ती बहुधा रचना नसल्यामुळे. सुरुवात कुठून करायची आणि थांबायचे कुठे हे ठरलेले नसले की माणूस ‘प्रभूबापा, प्रभूबापा’ करत त्याच तीन वाक्यांभोवती फिरतो. जुन्या उपासनाविधीतल्या छोट्या प्रार्थनांचा साचा पाच भागांचा आहे आणि तो पाठ करायला एक संध्याकाळ पुरते: देवाला हाक, तो कसा आहे किंवा त्याने काय केले आहे याचा एक उल्लेख, नेमकी मागणी, ती कशासाठी, आणि येशूच्या नावाने शेवट. उदाहरणार्थ: ‘हे दयाळू पित्या, तू विधवेचा कैवारी आहेस. या बहिणीला उद्या कचेरीत नीट बोलता येईल असे धैर्य दे, म्हणजे तिच्या लेकरांची शाळा थांबणार नाही. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.’ वीस सेकंद. यात दुसरा भाग गळाला तर प्रार्थना मागण्यांची यादी होते, आणि चौथा गळाला तर मागणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही की आपण हे का मागतो आहोत. नवशिक्यांना हा साचा कागदावर लिहून द्यावा आणि सुरुवातीला वाचूनच प्रार्थना करू द्यावी. लिहून आणलेली प्रार्थना कमी आध्यात्मिक असते, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी १५० स्तोत्रे कुणीतरी लिहूनच ठेवली होती हे लक्षात घ्यावे.

भाषेचेही तसेच. दिवसभर ‘आम्हाला’ म्हणणारा माणूस डोळे मिटले की ‘आम्हांस’ म्हणू लागतो. पाठ असलेल्या वचनात ते शोभते. पण पोटच्या पोराच्या नोकरीबद्दल मागताना त्याची जीभ अडखळते, कारण त्या भाषेत त्याने कधी काही मागितलेलेच नसते. ज्या बोलीत आईशी बोलतो त्याच बोलीत बोलावे. सामवेदीत, वाडवळीत, नगरी बोलीतही देवाला कळते.

आणखी एक खोड आहे. ती हसण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे घरे तुटली आहेत: प्रार्थनेतून टोमणे. ‘हे प्रभू, काही लोकांना टीव्हीसाठी वेळ आहे पण तुझ्या घरी यायला नाही, तू त्यांची मने बदल’. ‘काही लोक’ समोरच्याच खुर्चीवर बसलेले असतात, आणि डोळे मिटलेले असल्याने त्यांना उत्तरही देता येत नाही. प्रार्थना देवाला उद्देशून असते. माणसाला सांगायचे ते डोळे उघडून, त्याच्या घरी जाऊन, चहा घेत सांगावे. सभा चालवणाऱ्याने हे एकदा सुरुवातीलाच बजावले तर निम्मे काम होते.

आता गंभीर गोष्ट. व्हॉट्सॲपवर प्रत्येक मंडळीचा प्रार्थना-गट असतो. त्यावर संदेश येतो: अमक्यांच्या मुलीचे लग्न मोडले, प्रार्थना करा, तमक्यांना कॅन्सर निघाला, तिसरी पायरी आहे, प्रार्थना करा. रुग्णाला स्वतःला अजून सांगितलेले नसते, आणि गटातल्या १८० जणांना माहीत झालेले असते. हेतू चांगलाच असतो, पण अशी प्रार्थना आणि चुगली यांच्यात फरक फार थोडा उरतो. म्हणून विनंती घेतानाच विचारायचे: ‘हे मंडळीत सांगू का?’ तीन उत्तरे येऊ शकतात. सांगा, फक्त पाळकांना सांगा, नाव न घेता प्रार्थना करा. जे उत्तर येईल ते पाळायचे. आजाराचे नाव, रिपोर्टचा फोटो, वॉर्डाचा नंबर गटावर टाकायचा नाही. ‘एका बहिणीच्या उपचारांसाठी’ एवढे पुरते. देवाला पत्ता लागतो.

यासाठीच वही हवी. दोनशे पानी साधी वही, चार रकाने. तारीख, कोणी मागितले आणि कितपत सांगायची परवानगी दिली, नेमके काय मागितले, पुढे काय झाले. वही एकाकडेच राहते, सभेत फिरत नाही. तिसऱ्या रकान्यात ‘आशीर्वाद’, ‘कुटुंबासाठी’ असे मोघम लिहिले तर चौथा रकाना कधीच भरता येत नाही. ‘गुरुवारी ११ वाजता बायोप्सी, भीती वाटते’ असे लिहिले तर गुरुवारी ११ वाजता कोणीतरी दोन मिनिटे थांबून प्रार्थना करू शकतो, आणि संध्याकाळी फोन करून विचारूही शकतो. महिन्यातून एकदा वही उघडून चौथा रकाना वाचायचा. बहुतेक मंडळ्यांत मागण्या शंभर होतात आणि आभाराच्या प्रार्थना दोन, याचे कारण कृतघ्नता नाही. काय मागितले होते तेच कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दवाखान्यातली प्रार्थना हे वेगळेच कसब आहे आणि ते शिकवले जात नाही. आधी परिचारिकेला विचारावे. हात धुवावेत. रुग्णाच्या उशाशी, त्याच्या डोक्यामागे उभे राहू नये. त्याला दिसेल असे बाजूला स्टुलावर बसावे, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. पहिला प्रश्न: ‘काय मागू?’ पुष्कळदा उत्तर अनपेक्षित असते. आपण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शब्द जुळवून आलेलो असतो आणि त्याला हवी असते फक्त रात्रीची झोप, किंवा घरी एकटी असलेल्या बायकोची काळजी मिटावी असे वाटत असते. जे सांगितले तेच मागावे. हात धरायचा तर सलाईन नसलेला. डोक्यावर हात ठेवायचा तर विचारून, आणि मानेला किंवा डोक्याला टाके असतील तर नाहीच. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये. तिथे दुसरा कोणी असतो, त्याचा धर्म वेगळा असतो, त्याचे दुखणेही वेगळे असते. स्तोत्र २३ ला सहाच ओव्या आहेत, तेवढे पुरे. रुग्ण रागावलेला असेल तर २३ वे नको, १३ वे वाचावे, ‘कोठवर?’ असे देवालाच विचारणारे ते स्तोत्र आहे आणि तेही सहाच ओव्यांचे. वेळ एकूण पाच मिनिटे, त्यात प्रार्थना दोन.

बेशुद्ध माणसाला ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच्या खाटेशी उभे राहून ‘आता काही खरे नाही’ अशी कुजबुज करू नये. अर्धांगाने वाचा गेलेले, विस्मरणाने नातवाचे नाव विसरलेले म्हातारेही प्रभूची प्रार्थना सुरू केली की कधी कधी ओठ हलवू लागतात. लहानपणी पाठ केलेले खोल रुतून बसलेले असते. म्हणूनच तिथे स्वतःचे नवे शब्द रचण्यापेक्षा जुने पाठांतर धरावे. पाठ केलेल्या प्रार्थना आणि उत्स्फूर्त प्रार्थना यांवरून आमच्यातले प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अधूनमधून एकमेकांना चिमटे काढतात. वसईकडे संध्याकाळी रोझरीचे, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचे, पाच दशक म्हणणाऱ्या घराला ‘तेच तेच काय म्हणता’ असे विचारले जाते. आमचे मत असे, की स्वतःचे शब्द सुचत नाहीत अशा रात्री प्रत्येकाच्या आयुष्यात येतात, आणि तेव्हा बोटाखाली मणी असणे वाईट नाही.

तेलाबद्दल. याकोबाच्या पत्रात (५:१४) वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. कॅथलिक रीतीत हा संस्कार फक्त धर्मगुरूच देतात, बिशपांनी आशीर्वादित केलेल्या तेलाने, कपाळाला आणि तळहातांना. पूर्वी तो मरणाच्या दारातच दिला जाई, त्यामुळे ‘फादर आले म्हणजे संपले’ अशी धास्ती बसली आणि घरचे लोक त्यांना बोलवायला उशीर करत राहिले. १९७२ मध्ये विधी सुधारला. आता गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, थकलेल्या वृद्धापकाळात तो घेता येतो, आणि पुन्हाही घेता येतो. तरी धास्ती कायम आहे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना फादरना बोलवावे, म्हणजे त्याला स्वतःला ‘आमेन’ म्हणता येईल. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तेल लावणाऱ्यांनी एक थेंब कपाळाला लावावा, त्याहून जास्त नको. ऑक्सिजन चालू असेल तर नाका-तोंडाजवळ तेल अजिबात लावू नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल भडकू शकते. मेणबत्तीचा तर विचारही नको.

आणि औषधे. इथे आम्हाला कठोर व्हायचे आहे. क्षयाचे नेहमीचे उपचार किमान सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला उतरतो, वजन वाढते, माणूस सभेत उभा राहून ‘प्रभूने मला बरे केले’ अशी साक्ष देतो, टाळ्या पडतात, आणि त्यानंतर गोळ्या खाणे म्हणजे अविश्वास असे त्याला वाटू लागते. तो त्या सोडतो. जंतू पूर्ण मेलेले नसतात; ते परत वाढतात आणि पुढे त्याच औषधांना दाद देत नाहीत. अपस्माराच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटका थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्याने ते बंद केले तर काही दिवसांत जीव जातो. यात प्रार्थनेचा दोष नाही, ती चालवणाऱ्याचा आहे. नियम असा करावा: डॉक्टरचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत ‘बरा झालो’ अशी साक्ष नाही. ‘बरे वाटते आहे, गोळ्या चालू आहेत’ ही साक्ष चालेल, आणि ती जास्त खरी आहे. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घरातल्या किंवा चर्चमधल्या साध्या उपासनेला हात लावत नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, चमत्काराच्या नावाने पैसे काढणे, हे त्यात गुन्हा आहे. आमच्यातल्या काही सभा या रेषेच्या फार जवळून जातात, हे आम्हीच म्हटलेले बरे.

उपासाचेही नियम आहेत आणि ते समजतात तितके कडक नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे बंधनकारक उपासाचे दिवस, १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी. एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे. आजाऱ्यांना सूट. प्रोटेस्टंट उपास-प्रार्थनेत नियम सैल, पण उत्साह जास्त. सकाळी नऊ ते दुपारी तीन पाणीही नाही असे ठरवले जाते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने हे करू नये. घाम, थरथर, बोलण्यात असंबद्धता दिसली तर तो ‘आत्म्याचा भार’ नाही, साखर उतरली आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

ध्वनिक्षेपकाबद्दल एकच वाक्य: बैठकीच्या खोलीत पंधरा माणसे असताना माइक कशाला?

सेवकांच्या स्वतःच्या प्रार्थनेबद्दल कोणी विचारत नाही. पाळक दिवसाला पाच ठिकाणी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि रात्री स्वतः न करता झोपतो. सार्वजनिक प्रार्थनेनेच काम भागले असे वाटते. ६० घरांच्या मंडळीत रोज दोन घरे नावाने घेतली तर ३० दिवसांत एक फेरी होते. पहाटे दहा मिनिटे, मंडळीची यादी समोर, घरातल्या प्रत्येकाचे नाव. ज्या नावापाशी काहीच आठवत नाही, त्या घरी बऱ्याच दिवसांत गेलेलो नाही हे तिथेच कळते. त्या दिवशीची भेट ठरली.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या सुमारास मुलींचे प्रार्थनागट रोज बसत. तिथल्या त्या धार्मिक जागृतीबद्दल आमच्याकडे भरभरून बोलले जाते. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, पूर्ण बाहेर आले. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्याच मुली होत्या. या अर्ध्या भागाबद्दल बोलताना आमच्या सभांत आवाज खाली येतो.

म्हणून शेवटी पुन्हा वहीकडे. वहीतली सगळ्यात अवघड ओळ ती, जिथे मागितले तसे झाले नाही. आजारी माणूस गेला. तिथे चौथा रकाना रिकामा सोडला जातो, किंवा पान उलटले जाते, आणि त्या घराकडे जाणेही हळूहळू थांबते, कारण काय बोलावे सुचत नाही. रकान्यात ‘गेले’ लिहावे, तारीख लिहावी. खालच्या ओळीत त्यांच्या पत्नीचे नाव घालावे. तिला विचारून तिसरा रकाना भरावा: मृत्यूचा दाखला, बँकेतले वारसाचे नाव, निराधार योजनेचा अर्ज, मोठ्याची बारावीची फी. आणि तहसील कचेरीत तिच्याबरोबर कोण जाणार, त्याचे नाव तिथेच, पेन खाली ठेवण्याआधी.

आपले विश्वासू,
मंडळीत सेवा करणारे काही वाचक
अहिल्यानगर